बिऱ्हाडाबरोबर फिरणारी बालवाडी

दोन गळीत हंगाम मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी दक्षिण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर ऊसतोड कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी बालघर चालवले. त्याविषयी लिहावे असे ओळखीचे लोक अधूनमधून सुचवत होते आणि मी ते टाळत होते, कारण पहिल्या आठवड्यातील आमची फजिती सांगितल्याशिवाय पुढचे काहीच नीट सांगता येणार नव्हते. आम्ही तिघींनीही बालशिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हाताशी खेळणी होती, चित्रांचे तक्ते होते, कारखान्याच्या आवारालगतची पत्र्याची एक रिकामी शेड मागून घेतली होती. आणि सकाळी दहा वाजता आम्ही दार उघडले. उघडून नुसते बसलो, असेच म्हणायला हवे. तळावर त्या वेळी दोन म्हाताऱ्या, एक आजारी बैल आणि कोप्यांमधून, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांमधून, हिंडणारी कुत्री यांच्याखेरीज कोणीही नव्हते. चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर भेटलेली एक आई सरळच म्हणाली, "बाई, तुमी धा वाजता येनार. तवर आमचा निम्मा फड सपतो. लेकरं काय चुलीपाशी ठिवून जावं का?"

त्यानंतर आम्ही पहाटे चारला दार उघडू लागलो. बालघराचा जो काही उपयोग पुढे झाला, त्यातला अर्धा तरी केवळ या बदलाचा होता, असे मला आज वाटते.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती उचल पुढे टनावर मिळणाऱ्या मजुरीतून फेडून घेतली जाते. खाडा झाला तर मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडाची रक्कमही अंगावर चढते. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावचा पट्टा अशा कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत किंवा सीमा ओलांडून कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की साधारण मार्च-एप्रिलमध्ये माघारी येतात. कोयता ही जोडी असल्यामुळे आईला घरी थांबता येत नाही; आणि आई थांबत नाही म्हणून मूलही थांबत नाही. मोठी मुले कधी आजीकडे, कधी गावातील हंगामी वसतिगृहात राहू शकतात. दोन वर्षांच्या मुलाला तशी सोय नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातला अगदी लहान जीव हाच त्या स्थलांतरात सर्वांत हमखास ओढला जातो, आणि त्याच्यासाठी असलेली व्यवस्था मात्र सर्वांत कमी.

आमच्याकडील लोक 'गाडी सेंटर'चे होते, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे. ही मंडळी कारखान्याजवळच्या तळावर संपूर्ण हंगाम एकाच जागी राहतात आणि पहाटे गाड्या जुंपून शिवारात जातात. 'डोकी सेंटर'ची माणसे ट्रकमध्ये ऊस डोक्यावरून चढवतात, ट्रॅक्टरच्या टोळ्याही तोडीच्या कार्यक्रमाप्रमाणे या गावातून त्या गावात जातात, आणि त्यांच्या कोप्या दर थोड्या दिवसांनी उठतात. हा फरक शहरातून येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या लक्षात येत नाही आणि योजना आखणाऱ्यांच्या लक्षात यायला हवा असूनही फारसा आलेला दिसत नाही. गाडीतळावर चार-पाच महिने चालणारे बालघर उभे करणे अवघड असले तरी शक्य आहे. डोकी सेंटरच्या मुलांसाठी घर उभे करून भागतच नाही, तेथे सांभाळणारी बाईच टोळीबरोबर हिंडायला हवी. मी पुढे जे लिहिते आहे ते प्रामुख्याने पहिल्या प्रकाराबद्दल आहे. दुसऱ्या प्रकारातील मुलांची स्थिती याहून वाईट असते हे मी फडावर पाहिले आहे: बांधावरच्या बाभळीला किंवा ट्रॉलीच्या खालच्या बाजूला बांधलेली झोळी, तिच्यावर बसणारी पाचटाची कुसळे, आणि पाचटाच्या ढिगात झोपी गेलेले थोडे मोठे मूल, जे मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला दिसत नाही.

पहाटे चारला आलेल्या मुलांबरोबर पहिली गोष्ट कोणती करायची, या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रशिक्षणात नव्हते. त्यांना झोपवायचे. हे आम्हाला कळायला तीन दिवस लागले. साडेतीनला चुलीच्या धुराने आणि बैलांच्या घुंगरांनी जागी झालेली ती मुले अर्धवट झोपेत आमच्या शेडमध्ये आणून सोडली जात, आणि आम्ही उत्साहाने प्रार्थना, हालचालींची गाणी असा कार्यक्रम सुरू करीत असू. मुले रडत, एकमेकांना चावत, कोपऱ्यात जाऊन मुटकुळे करून पडत. एका मैत्रिणीने ती 'वर्तनसमस्या' म्हणून वहीत नोंदवायलाही घेतली होती. मग आम्ही सतरंज्या अंथरल्या, गोधड्या जमवल्या, दिवा बारीक केला, आणि साडेसहा-सातपर्यंत कोणाला काही शिकवायचे नाही असे ठरवले. सातनंतर तोंड धुणे, आठच्या आत पोटभर खाणे, आणि मग खेळ व गोष्टी. दुपारी पुन्हा झोप. चार-पाचच्या सुमारास आया परतू लागत, पण त्याही आल्या आल्या मूल नेत नसत. आधी पाणी, मग चूल, मग आंघोळ. संध्याकाळचा तो सव्वा तास तळावर सर्वांत धोक्याचा असे, कारण तेव्हा उघड्या चुली, उकळते पाणी, दावणीला येणारे दमलेले बैल आणि कोणाचेच लक्ष नसलेली मुले हे सारे एकाच वेळी एकाच जागी जमत. म्हणून आम्ही साडेसहापर्यंत उघडे ठेवू लागलो. आमच्यात पाळ्या लावूनही हे चौदा-साडेचौदा तास आम्हाला झेपत नव्हते.

बालशिक्षणात 'सांभाळणे' आणि 'शिकवणे' या दोन गोष्टी वेगळ्या मानण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यातही पहिली हलकी व दुसरी प्रतिष्ठेची. या मुलांच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. ज्या मुलाची झोप झालेली नाही त्याला रंग ओळखता येत नाहीत, आणि ज्याला आपल्याला न्यायला संध्याकाळी कोणीतरी नक्की येणार याची खात्री नाही, ते दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. दिवसातील झोप, खाणे, शी-शू आणि खेळ या गोष्टी ठरलेल्या क्रमाने आणि ओळखीच्या माणसाच्या हातून होणे, हाच तीन वर्षांखालील मुलाचा अभ्यासक्रम असतो असे मी आता मानते.

या सगळ्यात मला सर्वांत उशिरा दिसलेली मुलगी आमच्या वयोगटातलीच नव्हती. ती सात वर्षांची असावी. काखेत सव्वा वर्षाचा भाऊ घेऊन ती रोज शेडच्या दाराशी येऊन उभी राहायची, आत यायची नाही. भावाला तिने एकाच बाजूला इतका घेतलेला असे की मूल खाली ठेवल्यावरही तिचा डावा खांदा वर आणि कंबर बाहेर अशीच राही. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला दाखल करून घ्यायला मुख्याध्यापक तयार होते, वयाप्रमाणे दुसरीत बसवणारही होते. पण ती जात नव्हती, कारण मग भावाला कोण पाहणार? तिच्या आईने भाऊ आमच्याकडे द्यायला दहा-बारा दिवस घेतले. ज्या दिवशी दिला त्या दिवशी ती मुलगी शाळेत गेली नाही. आमच्याकडेच दिवसभर बसली आणि भाऊ रडला की आमच्या आधी उठली. दुपारी तो झोपल्यावर तिने आमच्या मातीच्या ढिगातून थोडी माती घेतली, चूल केली, पाचटाच्या काड्यांच्या मोळ्या बांधल्या, त्या मोजून रचल्या आणि समोर बसलेल्या चार वर्षांच्या पोराला मुकादमाच्या आवाजात म्हणाली, "वीस झाल्या. लिहून घे." तिला वीसपर्यंत मोजता येत होते, गट करता येत होते, कोणाची मजुरी किती याचा अंदाज होता, शाळेच्या पटावर मात्र ती तिच्या गावीही गैरहजर होती आणि येथेही नव्हती. दोन दिवसांनी ती शाळेत जाऊ लागली. मुलींच्या शाळागळतीवर आपण इतके बोलतो, पण मोठ्या बहिणीची शाळा धाकट्याच्या पाळण्याला बांधलेली असते हे बोलत नाही. तिच्यासाठी वसतिगृह काढले तरी हा दोर सुटत नाही. ती गेली की तिच्या जागी पाच वर्षांची दुसरी बहीण येते.

वसतिगृहे नकोत असे माझे म्हणणे मुळीच नाही. राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली, ती हवीच होती. त्याआधी, गेल्या शतकाच्या अखेरीपासून, जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या, आणि ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरील मुलांसाठी 'विधायक संसद' या संस्थेच्या भोंगाशाळा उभ्या राहिल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर सगळ्यांना नियमित शाळेतच घ्यायचे असे धोरण ठरले आणि साखरशाळांचे दिवस मागे पडत गेले. धोरणामागचा विचार समजण्यासारखा आहे, तात्पुरती शाळा ही दुय्यम दर्जाची शाळा ठरू नये असा. पण साखरशाळेच्या ओट्यावर मोठ्या भावंडांमागे येऊन बसणारी तीन-चार वर्षांची मुले कोणत्याच पटावर नसली तरी शाळेत असत, आणि ती सोय बंद झाल्याची नोंद कोठेच झाली नाही.

कायद्याने या वयाला कसे वगळले याची गोष्ट मोठी विचित्र आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे असे म्हटले होते; त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क अनुच्छेद २१-अ म्हणून राज्यघटनेत आणला, पण सहा ते चौदा या वयोगटापुरता. सहा वर्षांखालील मुलांसाठी अनुच्छेद ४५ मध्ये राज्य 'प्रयत्न करील' एवढे शब्द राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमातही तीन ते सहा वयोगटासाठी शासन आवश्यक ती व्यवस्था 'करू शकेल' असे म्हटले आहे. करील आणि करू शकेल यांतले अंतर व्याकरणात लहान असते. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटले, त्याचा आनंद वाटतो. पण धोरणावर बोट ठेवून कोणाला न्यायालयात जाता येत नाही.

त्याच्याही आधी अंगणवाडी आहे, हे मला माहीत आहे, आणि त्या शब्दाविषयी थोडे बोलायलाच हवे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि तीच अंगणवाडी. पुढे कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवली, जेथे गुरे चरत तेथे. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा हा शब्द तिने उचलला आणि देशभर नेला. शब्द गेला, पण त्यामागची चाल गेली नाही. अंगणवाडी आज गावाला, वस्तीला, लोकसंख्येच्या आकड्याला बांधलेली आहे. मूल तिच्याकडे यायला हवे आणि ते त्याच गावचे असायला हवे. मूल जेथे आहे तेथे आपण जायचे, हे ताराबाईंचे मूळ सूत्र कुरणातच राहिले.

आमच्या तळापासून जवळची अंगणवाडी पाऊण किलोमीटरवर होती. सेविका भली बाई होती, हे आधी सांगते. पण तिच्याकडे आहार येई तो तिच्या पटावरच्या मुलांचा, आणि आमच्या अठ्ठावीस मुलांना घ्यायचे तर ती कोणाच्या वाट्यातून देणार? आम्ही विचारायला गेलो तेव्हा एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले की आधी मूळ गावाच्या अंगणवाडीतून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तीनशे किलोमीटरवरच्या सेविकेला फोन केला, तर तिची अडचण वेगळी: नावे कमी केली तर तिचा पट उतरतो. स्थलांतरित म्हणून शेरा मारून दुसऱ्या ठिकाणी लाभ देता येतो असे नियम सांगतो, २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये आधारवरून मूल एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवण्याची सोयही आहे. परंतु मोबाइलमध्ये मूल वळवले म्हणून त्याच्यासाठी तांदूळ आपोआप वळत नाही. शेवटी सेविकेनेच मार्ग काढला. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेला घेऊन ती स्वतः तळावर आली, आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहाराची जी पाकिटे शिल्लक होती ती देऊन गेली. वरिष्ठांना तिने काय सांगितले, ते मी विचारले नाही.

त्या दिवशी दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टीही तिनेच आणली होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. इतकी साधी ती पट्टी असते. अठ्ठावीसपैकी दोघे लाल निघाले, सातजण पिवळे. दोन लालांपैकी एकाची आई म्हणाली की गावाकडून निघताना हे पोर असे नव्हते. मला ते पटले, कारण कार्ड पाहिले. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्डे आणि मुकादमाच्या हिशेबाची चिठ्ठी हे सारे प्लास्टिकच्या एका पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेले असते. त्या कार्डावर दसऱ्यापर्यंत वजनाची रेघ चढत होती, आणि पुढची पाने कोरी होती. गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही राहिला होता, कारण तो द्यायचा सोळा ते चोवीस महिन्यांचा काळ नेमका हंगामात पडला. या मुलांचे कुपोषण बारमाही नसून बरेचसे हंगामी असते, हे त्या कोऱ्या पानांनी मला जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही अहवालाने दाखवले नव्हते. आमच्या बालघराच्या खर्चातला मोठा वाटा म्हणून आम्ही सकाळच्या खाण्यावरच ठेवला: डाळ-तांदळाची मऊ खिचडी, मटकीची उसळ, शेंगदाणे-गुळाचे लाडू, आणि परवडेल तेव्हा अंडी. फेब्रुवारीअखेर लालमधला एकजण पिवळ्यात आला. दुसऱ्याचे कुटुंब जानेवारीतच दुसऱ्या तळावर गेले.

आता भाषेविषयी. तळावर मराठवाड्याची मराठी बोलली जाई, आणि सहा-सात कुटुंबे बंजारा होती, त्यांच्या घरात गोरबोली. तीन वर्षांचा एक मुलगा पहिले आठ दिवस 'याडी, याडी' म्हणून रडत होता आणि आमच्यातली एक जण त्याला गाडी हवी आहे असे समजून खेळातला ट्रक पुढे करीत होती. याडी म्हणजे आई. तो ट्रक भिरकावून द्यायचा, आणि मूल हट्टी आहे असा आमचा समज होई. ज्या वयात भाषा हेच मुलाचे मुख्य काम असते त्या वयात त्याला सांभाळणाऱ्या माणसाला त्याचा आईवाचक शब्दही कळू नये, याची लाज वाटली. त्यानंतर आम्ही तांड्यावरच्या एका आजीकडून पंधरा-वीस शब्द लिहून घेतले आणि भिंतीवर लावले, मुलांसाठी नव्हे, आमच्यासाठी: पाणी, भूक, दुखते, झोप, शी, आई, बाप, ये, घाबरू नको.

आमची अशीच एक समजूत तक्त्यावरच्या घराने मोडली. कौलारू घर, दोन खिडक्या, दारात तुळस असा तो नेहमीचा तक्ता होता. फिरत्या कुटुंबांतील मुलांना हे चित्र परके वाटेल, त्यांच्या मनात घर म्हणजे कोपीच असेल, असे मी फार विचारपूर्वक ठरवून तो तक्ता लावायचा नाही असे सांगितले होते. एका मैत्रिणीने तरीही तो काढला. साडेचार वर्षांच्या मुलीने त्यावर बोट ठेवून लगेच म्हटले, "हे गावाकडलं." मग दाराबाहेरच्या कोपीकडे हात करून, "हे हितलं." तिला दोन घरे होती आणि दोन्ही तिला ठाऊक होती. मुलाच्या आयुष्यातले तुटलेपण आपण त्याच्या डोक्यातही आहे असे गृहीत धरतो, आणि मग त्याच्या गावाच्या, आजीच्या, शेळीच्या आठवणी वर्गात यायला वाटच ठेवत नाही. पुढे आमच्या गोष्टींचा निम्मा भाग 'गावाकडे काय असेल आता' याच प्रश्नावर चालू लागला.

या मुलांची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाला तळावर चार उत्तरे मिळतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पण ऊसतोडणी करणाऱ्या बाया कारखान्याच्या कामगार समजल्या जात नाहीत. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा तोडणी-वाहतुकीचा करार, आणि कारखान्याचे नाते उसाच्या वजनाशी. मुकादम म्हणतो, मी जोडी आणली, पोरे आणली नाहीत. शेतकरी म्हणतो, माझा ऊस गेला की माझा संबंध संपला. आणि ग्रामपंचायतीच्या लेखी ही माणसे गावची नसतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घेण्याचे ठरले, तेव्हा निदान तत्त्वतः एवढे मान्य झाले की उसाच्या टनात या लोकांचा काही खर्च धरायला हवा. त्या खर्चात पाळण्याचा वाटा किती, हा प्रश्न मी ज्या बैठकीत विचारला तेथे चहा आला.

वास्तविक उत्तर आपल्याच कायद्यांत लिहिलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत म्हटले होते की कामाच्या जागी बायकांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या बायकांपैकीच एकीला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. बाहेरून कोणी आणायचे नाही, इमारत बांधायची नाही, आणि सांभाळणे हे काम म्हणून मोजायचे. किती कामांवर हे प्रत्यक्ष घडले हा निराळा विषय आहे, पण कल्पना अचूक आहे. ऊसतोडीत ती तशीच्या तशी बसत नाही, कारण येथे रोजाने मजुरी नाही, टनाने आहे. मुले सांभाळणाऱ्या बाईचा टन कोठून मोजणार?

आम्हाला हे तत्त्व एका बाईने शिकवले. तळावर सगळे तिला माय म्हणत. मुलाच्या कोयत्याबरोबर ती भाकरी थापायला येई. तिची स्वतःची कंबर वीस-बावीस हंगामांनंतर गेली होती. पहिल्या महिन्यात आमच्याकडे जेमतेम नऊ मुले येत होती. माय रोज दुपारी येऊन उंबऱ्यावर बसायची, आम्ही मुलांना कसे घेतो ते पाहायची, आणि कधी न राहवून एखाद्याला आमच्या हातून काढून घेऊन दोन्ही पाय पसरून त्यांवर झोपवायची. आम्ही तिला महिन्याच्या मानधनावर ठेवले त्याच आठवड्यात मुले बावीस झाली. आयांना आमची खेळणी नको होती, आमचा सुशिक्षितपणाही नको होता. पोर कोणाच्या मांडीवर आहे हे त्यांना फडात ऊस तोडताना डोळ्यांसमोर आणता यायला हवे होते. एका वर्षाखालची बाळे मात्र तरीही आमच्याकडे राहू शकली नाहीत, कारण त्यांना अंगावर पाजायचे होते आणि आई आठ-नऊ किलोमीटरवर. दुसऱ्या हंगामात मायच्याच सांगण्यावरून आम्ही निराळा प्रयोग केला: चार-पाच गाड्या एकाच शिवारात लागतील त्या दिवशी तिची धाकटी जाऊ फडाच्या बांधावर झोळ्या बांधून बसे, आणि बाया आळीपाळीने येऊन बाळांना पाजून जात. असे दिवस आठवड्यातून तीन मिळाले तरी खूप, कारण तोडीची चिठ्ठी, म्हणजे कोणत्या फडात तोड करायची याचा कारखान्याचा आदेश, आमच्या सोयीने निघत नव्हती.

मायला मी सुरुवातीला 'मदतनीस' म्हणत असे. हिशेबाच्या वहीत तसेच लिहिलेले आहे. ती गोष्टी सांगे त्या मला येत नव्हत्या, कोणाचे पोट कशाने दुखते हे तिला माझ्या आधी कळे, आणि तळावर ज्या भाषा-बोली होत्या त्या सगळ्या ती बोलू शकत असे. माझ्याकडे होते ते वयानुसार विकासाचे टप्पे, रंगांची ओळख करून देण्याच्या युक्त्या, आणि एखादे मूल बोलत नाही तर ऐकू येते का ते आधी तपासावे हे ज्ञान. तिला यातले हळूहळू येऊ लागले. मला तिचे फारसे आले नाही.

दुसरा हंगाम मार्चच्या शेवटी संपला. पट्टा पडल्याची बातमी आली त्या रात्री तळावर बेंजो वाजला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोप्यांच्या जागी चुलींचे काळे दगड तेवढे उरले. आम्ही प्रत्येक मुलासाठी शंभर पानी वही केली होती: वजन, दंडाचा घेर, राहिलेल्या लसी, काय आवडते, कशाला घाबरते, कोणती गाणी येतात. गावाकडच्या सेविकेला द्या म्हणून ती आयांच्या हातात दिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पेटीच्या तळाशी त्या प्लास्टिकच्या पिशवीत गेली.

त्यानंतरच्या दसऱ्याआधी मायचा फोन आला. मुलाने दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेतली होती आणि टोळी या वेळी कर्नाटकातल्या एका कारखान्याला चालली होती. तिकडे तुमचे घर आहे का, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मग म्या चालविते. आमच्या टोळीत अकरा लेकरं हायती. मला अर्ध्या कोयत्याचं जे काय हुईल ते द्या, आन् दोन सतरंज्या, खिचडीचं सामान. बाकी मला ठाव हाय." अर्धा कोयता हंगामात किती टन तोडतो आणि त्याचे किती रुपये होतात, हे मी तिच्याकडूनच विचारून घेतले आणि वहीत लिहिले. सतरंज्या आमच्या शेडमधल्याच होत्या. त्या धुऊन, बांधून, तिच्या गावाकडे जाणाऱ्या एसटीत टाकल्या.